अमुबीकडून राहिलेलं अक्षर

इस्पितळात तिची नेमणूक फरशी पुसायला झाली होती. अमुबी देवी, वॉर्ड चार आणि पाच, सकाळी सहा ते दुपारी दोन. हजेरीपटावर एवढंच होतं, आणि हजेरीपट मीच लिहीत असे. पुढची बावीस वर्षं तिने दुसरं जे काम केलं, ते कुठल्याच कागदावर नाही.

माहेर तिचं लखीपूरच्याही पुढे, बराक नदीच्या पार. तिथे दुकानदारापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे आपलेच, मैतेई, म्हणजे मणिपुरी. बांगलाचा एक शब्दही न येता ती लग्न होऊन बांगला बोलणाऱ्या शहराला लागून असलेल्या वस्तीत आली. नवरा तोमचौ सुतार. त्याची कामं बंगाली घरांतून चालायची आणि ही रोज त्याचा डबा घेऊन जायची. तिथल्या बायका भाजी चिरता चिरता हिच्याशी बोलायच्या, तीच तिची शाळा. बोलायला लागली तेव्हा डोळे मिटून ऐकलं तर कुणी म्हणणार नाही की ही मणिपुरी बाई आहे. तोमचौ काविळीने गेला, आमच्याच इस्पितळात, आठ दिवसांत. ती तिशीची, पदरात दोन मुली. त्या वेळच्या हेडक्लार्कच्या घरचं कपाट तोमचौने केलं होतं. त्या ओळखीवर तिला काम लागलं.

तीन-चार महिने झाले असतील. नदीपारचा एक म्हातारा भरती झाला. डॉक्टर त्याला विचारत होते, छातीत दुखतं का. म्हातारा काहीतरी लांबलचक सांगे, डॉक्टर तोच प्रश्न आणखी मोठ्याने विचारत. आमच्या खेड्यांतल्या पुरुषांना बाजारापुरती बांगला येते. कोबीचा भाव करायला ती पुरते, छातीत काय होतंय ते सांगायला पुरत नाही. डॉक्टरांचा आवाज पार बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू यायला लागला, तेव्हा खाटेखालून फडकं ओढता ओढता अमुबी म्हणाली, "दुखत नाही म्हणतोय. दगड ठेवल्यासारखं जड वाटतंय. जेवलं की कमी होतं."

डॉक्टर वळून बघायला लागले. त्या दिवसापासून "मासी, जरा इकडे या" सुरू झालं. ती नेसत्या फनेकला हात पुसायची आणि जायची. बोलून झालं की परत बादली उचलायची. बादलीतलं पाणी तोवर गार झालेलं असायचं, म्हणून मुकादम ओरडायचा.

मी कुठे होतो? चाळीस पावलांवर, नावनोंदणीच्या खिडकीत. वडिलांनी शाळेत घालताना माझं आडनाव सिंगऐवजी बंगाली वाटणारं सिन्हा लावलं होतं. पोराला त्रास नको, एवढाच त्यांचा विचार. वर्गातली मुलं आमच्या बोलण्याचा चढउतार काढून दाखवायची. बोलतोय की रडतोय, म्हणायची. मी ती लय जिभेवरून घासून काढली. इस्पितळात लागलो तेव्हा साहेबांनी मला बंगाली धरलं आणि मी दुरुस्त केलं नाही. पहिल्या आठवड्यात सांगणं सोपं होतं. वर्षाने अवघड झालं. पाच वर्षांनी सांगितलं असतं, तर इतकी वर्षं का लपवलं याचं उत्तर द्यावं लागलं असतं. घरी आई होती तोवर दार लावून आपल्या भाषेत बोलत होतो. आई गेल्यावर तेही संपलं.

अमुबीला मात्र कळलं होतं. एकदा रांगेत उभ्या असलेल्या एका म्हातारीने शेजारणीला आमच्या भाषेत म्हटलं, "या बाबूचं नाक बघ गं, जन्मतः सुईणीने चिमट्यात धरून ओढल्यासारखं." मला हसू आलं. मान वर केली तर समोर अमुबी, हातात बादली. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुढे गेली. कुणाला काही बोलली नाही, मलाही नाही.

गावांतून तिचं नाव पसरलं. बरी झालेली माणसं परत आली की तिच्यासाठी काहीबाही आणत; कमळाचे देठ, आंबवलेली मासळी केळीच्या पानात बांधून, घरच्या मागावरचा एखादा टॉवेल. जी बरी झाली नाहीत त्यांच्या घरचे तिला टाळत. डॉक्टर वाईट बातमी स्वतः सांगत नसत, "मासी, यांना समजावून सांगा" म्हणून पुढच्या खाटेकडे वळत. ती सांगे. मग वस्तीत लग्नकार्यात बायका म्हणायला लागल्या, अमुबीने हात धरला की समजावं. एका सुवासिनीने मांडवात तिच्याशेजारचं आसन हळूच लांब सरकवलं होतं. हे तिनेच मला पुढे कधीतरी सांगितलं, तेही हसत.

खोमदोन आला तो माघ महिना होता. बराकवर नाव चालवायचा, बेचाळिशीचा, उंच, आमच्यात इतका उंच माणूस विरळाच. पायात बांबूची शीप गेली होती. रक्तात साखर आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. बायको रासेश्वरी त्याला बसने घेऊन आली तेव्हा पाऊल घोट्यापर्यंत काळं पडलं होतं आणि वास येत होता. मोठे डॉक्टर म्हणाले, गुडघ्याखाली कापावं लागेल, आजच, नाहीतर विष चढेल.

त्या सकाळी वॉर्डातलं गटार तुंबलं होतं. अमुबी घोटाभर पाण्यात उभी राहून बांबूने ते मोकळं करत होती. तिला हाक आली. संमतीच्या कागदावर अंगठा घ्यायला मलाही बोलावलं होतं. मी खाटेच्या पायथ्याशी शाईची डबी धरून उभा होतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बांगलात डॉक्टर म्हणाले, कापावं लागेल. आमच्या भाषेत नुसतं कापणं वेगळं आणि कापून वेगळं करणं वेगळं. क्रियापदाच्या पोटात एक अक्षर घातलं की तुकडा पडतो. ते नसेल तर नुसती चीर. गळू कापतात ते पहिलं, फांदी तोडतात ते दुसरं.

अमुबी म्हणाली, "गुडघ्याच्या खाली कापावं लागेल म्हणतात. आजच. नाहीतर विष अंगभर जाईल." ते अक्षर तिने घातलं नाही.

खोमदोनने विचारलं, "बरं व्हायला किती दिवस?"

तिने डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, महिना-दीड महिना. तिने सांगितलं.

"मग हरकत नाही," तो म्हणाला. "नदीला पाणी चढायच्या आत नावेवर उभा राहीन."

हे वाक्य तिने बांगलात सांगितलं नाही. डॉक्टर तोवर दुसऱ्या खाटेपाशी गेले होते, मुकादम गटाराच्या नावाने ओरडत होता, आणि ती दोन क्षण तशीच उभी राहिली. मला वाटलं ती आता बोलेल. तिलाही कदाचित वाटलं असेल की मी बोलेन. मी डबी पुढे केली. खोमदोनने अंगठा बुडवला आणि कागदावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्ध आल्यावर त्याने पाय खाजवायला हात घातला. रासेश्वरीने ब्लँकेट उचललं आणि तशीच धरून उभी राहिली. अमुबी फरशी पुसत त्या खाटेपर्यंत आली तेव्हा खोमदोन तिला म्हणाला, "इचे, तू कापणार म्हणालीस. नेणार म्हणाली नाहीस."

तो रागावलेला नव्हता. इचे म्हणजे ताई. ताईला विचारावं तसंच विचारत होता.

ती डॉक्टरांकडे गेली. माझ्याकडून सांगताना चूक झाली, त्याला समजलं नव्हतं, असं म्हणाली. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं. म्हणाले, पाय ठेवला असता तर आज तो जिवंत नसता. मग काय फरक पडला, मासी? फरक पडला होता, पण कुठे, ते तिला बोट ठेवून दाखवता येईना.

दुपारी दोन वाजता ती माझ्या खिडकीशी आली. रांग नव्हती. पहिल्यांदाच ती माझ्याशी आमच्या भाषेत बोलली. "इबुंगो, ते अक्षर माझ्याकडून घाईत राहिलं की मीच गिळलं, मला कळत नाहीये. तू ऐकलंस ना? तुला काय वाटलं?"

इबुंगो म्हणजे धाकट्याला मायेने मारायची हाक. माझ्या शेजारच्या टेबलावर दुसरा क्लार्क बसला होता. मी बांगलात म्हणालो, "उद्या साहेबांना विचारा." ती निघून गेली.

महिन्याभराने ती खोमदोनच्या गावी गेली. कुणी बोलावलं नव्हतं. नाव आता त्याचा मेहुणा चालवत होता. त्यातूनच ती पार झाली. ही बाई आली आहे म्हटल्यावर देवळासमोरच्या मंडपात माणसं जमली. रासेश्वरी तिथे सगळ्यांसमोर बोलली, "बंगाली डॉक्टरने सांगितलं असतं आणि कळलं नसतं, तर आम्ही म्हटलं असतं, भाषा आडवी आली. तू तर आपल्या भाषेत बोललीस. आपल्या भाषेत सांगितलेलं माणूस खरं मानणारच ना?"

गावातल्या सगळ्यात वृद्ध माणसाने अमुबीला तेच वाक्य जसंच्या तसं म्हणायला लावलं. तिने म्हटलं. त्याने पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, "शब्द चुकीचा नाही. पण मलाही चीर देणार असंच वाटलं असतं." दंड करावा तर कशाचा, माफ करावं तर कशाला. खोमदोन खांबाला टेकून बसला होता. त्यानेच बायकोला सांगितलं, लांबून आलीय, तिला पानसुपारी दे. रासेश्वरीने दिली. अमुबी ती मुठीत धरूनच परतली. म्हणाली, तोंडात घालवेना.

त्यानंतर तिने काम सोडलं. फरशीचं नव्हे, दुसरं. डॉक्टरांनी हाक मारली की म्हणायची, माझी भाषा जुनी, मला नीट येत नाही. "कालपर्यंत येत होती ना?" असं मुकादमाने टोमण्याने विचारलं, तर म्हणाली, "म्हातारी झाले, विसरले." पंचेचाळीसही नव्हती. पाच-सहा महिने असेच गेले. आमची माणसं येत, खुणा करत, डॉक्टर मोठ्याने बोलत, कागदांवर अंगठे उठत. माझ्या खिडकीतून मला सगळं ऐकू यायचं.

मग वॉर्ड पाचमध्ये एक म्हातारी आली. मुलाने भरती केलं आणि औषध आणायला म्हणून गेला, तो दोन दिवस उगवलाच नाही. म्हातारी एकच वाक्य बोलायची. नर्सला वाटलं पाणी मागते, पाणी दिलं. वाटलं थंडी वाजते, पांघरूण दिलं. म्हातारी तेच वाक्य पुन्हा सुरू करायची. तिसऱ्या दिवशी काहीतरी सही राहिली म्हणून मी वॉर्डात गेलो. म्हातारी विचारत होती, "माझ्या पोराला नदी पार करता आली ना?" पावसाचे दिवस होते, बराक काठाला लागली होती. नाव उलटली असेल, या भीतीने ती सुकत चालली होती.

मी दारात थांबलो. आत अमुबी त्याच खाटेखाली फरशी पुसत होती. तिने वर पाहिलं. आम्ही दोघांनी तो प्रश्न ऐकला होता हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ती थांबली, अगदी बराच वेळ थांबली, मला वेळ देत असल्यासारखी. मी सहीचा कागद नर्सच्या हातात दिला आणि मागे फिरलो. वळताना ऐकलं, अमुबी म्हातारीला आईची हाक मारून विचारत होती, "कुठलं गाव तुमचं, इमा? काय नाव पोराचं?"

पोरगा तापाने घरी पडून होता, हे तिने दुसऱ्या दिवशी बसवाल्यांकरवी शोधून काढलं. म्हातारीला ते कळलं, आणि त्यानंतर दोन दिवसांनी ती वारली.

असं ते काम पुन्हा सुरू झालं. पण तिची पद्धत बदलली होती. आता ती एकेक गोष्ट तीनदा सांगे. माणसाला स्वतःच्या तोंडाने परत म्हणायला लावी. पाय कापायचा असेल तर हात पायावर ठेवून बोटाने आडवी रेघ काढी आणि म्हणे, "इथून पुढचा राहणार नाही. ते घेऊन जातील. परत मिळणार नाही." लोक घाबरत. काही जण रेघ बघूनच उठून घरी जात. डॉक्टर वैतागत, मासी माणसं पळवून लावते म्हणत. पण दुसरं कुणी नव्हतं.

मी एवढंच केलं की एक अर्ज लिहिला. इस्पितळात मणिपुरी बोलणाऱ्या रुग्णांसाठी दुभाष्याची एक जागा असावी, सध्या हे काम सफाई कर्मचारी अमुबी देवी विनावेतन करतात, वगैरे. खाली अमुबीचा अंगठा घेतला, माझं नाव कुठेच घातलं नाही. चार महिन्यांनी उत्तर आलं, अशा पदाची तरतूद नाही. दुसऱ्या अर्जावर शेरा आला की या जिल्ह्यातल्या सर्वांना बांगला समजते. तिसरा अर्ज कुठे गेला ते मला शोधूनही सापडलं नाही. अमुबीला सांगितलं तर म्हणाली, "तू लिहिलंस ना, झालं."

खोमदोन तीन वर्षांनी परत आला. या तीन वर्षांत तो घरी बसून मासे धरायच्या टोपल्या विणायचा. आता दुसऱ्या पायाची बोटं काळी पडली होती. त्याने आल्या आल्या तिचंच नाव घेतलं. मला तिने मुद्दाम बोलावून घेतलं. "शाईची डबी आण," एवढंच म्हणाली.

तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. रेघ काढली. या वेळी क्रियापद पूर्ण उच्चारलं, अक्षरासकट, सावकाश. "इथून वेगळा करून घेऊन जातील. नाही केलं तर महिनाभरात जीव जाईल, असं डॉक्टर म्हणतात."

खोमदोनने ते शब्द परत म्हणून दाखवले. मग विचारलं, "मागच्या वेळीही असंच होतं? जीव जाणार होता?"

"हो."

"मग मागच्या वेळी तू नीट सांगितलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो, इचे. तीन वर्षं वरची मिळाली." आणि मग म्हणाला, "या वेळी नाही."

तिने डॉक्टरांना बांगलात सांगितलं, नाही म्हणतोय. डॉक्टर म्हणाले, पुन्हा समजवा. तिने पुन्हा सांगितलं. तो पुन्हा नाही म्हणाला. मग ती स्वतःच्या मनाने बोलायला लागली. कुबड्या मिळतात, ढकलगाडी मिळते, टोपल्या तर हातांनीच विणायच्या, रासेश्वरीकडे बघ. त्याने तिला मध्येच थांबवलं. "हे डॉक्टर म्हणतोय की तू?"

"मी."

"मग डॉक्टरला सांग, नको."

रासेश्वरीने तिला ओढतच व्हरांड्यात नेलं. मी मागोमाग होतो. त्या बाईने तिचे दोन्ही हात धरले होते. "त्या वेळी सांगितलंस तसंच सांग ना," ती म्हणाली. "चीर देणार म्हण. ते एक अक्षर गाळ. तुझ्या पाया पडते, एकदाच गाळ."

आता गाळून उपयोग नव्हता. रेघ त्याने पाहिली होती. तरीही अमुबी आत वळली, खाटेपाशी जाऊन उभी राहिली, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. खोमदोन तिला म्हणाला, "किती उभी राहशील, बस." ती खाटेच्या कडेला बसली. माझ्या हातात डबी तशीच होती.

संध्याकाळच्या बसने ते गेले. एकोणीस दिवसांनी खोमदोन वारला. श्राद्धाला अमुबी गेली, मीही गेलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच मी आपल्या माणसांच्या मंडपात मांडी घालून बसलो. रासेश्वरीने अमुबीला आपल्याजवळ बसवून घेतलं.

त्यानंतर अमुबीने आणखी सहा वर्षं काढली. मुदतीआधीच निवृत्त झाली तेव्हा तिच्या जागी फरशी पुसायला दुसरी बाई आली, तिला आमची भाषा येत नव्हती. पंधरा दिवसांत नदीपारचा एक माणूस भरती झाला आणि डॉक्टरांचा आवाज व्हरांड्यात यायला लागला. मी खुर्चीवरून उठलो. काय सुचलं मला माहीत नाही. वॉर्डात जाऊन मी त्या माणसाशी बोललो. शब्द अडकत होते, लय तर कधीच गेली होती. साधी साधी क्रियापदं मला आठवून आठवून लावावी लागली. माणूस लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बाबू, तुम्ही बंगाली असून आमची भाषा बरीच शिकलात हो."

त्या रविवारी मी अमुबीकडे गेलो. ती थोरल्या मुलीकडे राहते. नातवंडं अंगणात बांगलात भांडत होती. ही त्यांना आपल्या भाषेत दटावत होती, ती बांगलात उत्तर देत होती. मी तिला विचारलं, मूत्रपिंडाला आपल्याकडे खेड्यातली माणसं काय म्हणतात, मला शब्द आठवेना. तिने सांगितला. मग विचारलं, कोण आहे तो, कुठल्या गावचा, घरी कोण कोण आहे. मी सांगितलं. बरा होईल का, तिने विचारलं. मी म्हणालो, डॉक्टर नाही म्हणतात, आणि उद्या ते त्याला मला सांगायचंय.

ती कमळाचे देठ निवडत होती. तिने ते बाजूला सारले आणि म्हणाली, "त्याला सांगशील तसं आधी मला सांगून दाखव."